माफ केलेली संत्री

राजापेठ, अमरावती
१४ ऑक्टोबर २०२४

दामिनी,

नमस्काराची ओळ मुद्दाम गाळली आहे. आठ महिने एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी ‘सप्रेम’ लिहिणं खोटं होईल, आणि खोटं लिहायला मला शाळेत सिस्टर फिलोमिनांनी शिकवलं नाही.

पत्र का, तर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. तुझ्या सुनेनं, वर्षालीनं, हे मी विचारताक्षणी कबूल केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बायकांना सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायची सवय असते, ती चांगली आहे. माझं अक्षर तुला लागत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा हे पत्र तीच वाचून दाखवील. वर्षाली, सावकाश वाच, आणि मधे मधे सासूकडे पाहून हसू नकोस.

कामाचं लिहिते. तुझ्या भावाचं, किसनरावांचं, ऑपरेशन २५ नोव्हेंबरला, सोमवारी, ठरलं आहे. फेब्रुवारीत आतडं कापून जी पिशवी पोटावर लावली, ती काढून आतडं परत जोडायचं. इतके दिवस थांबावं लागलं कारण हृदयात स्टेंट नवीन होता आणि रक्त पातळ करणारी एक गोळी बंद करता येत नव्हती. आता हृदयाचे डॉक्टर हो म्हणाले, पोटाच्या डॉक्टर देवश्री हो म्हणाल्या, मी हो म्हणाले. किसनराव नाही म्हणतात.

म्हणतात, ‘दामिनी येईन त होईन. नाही त असू दे पिशवी, मले काई तरास नाही.’

त्रास नाही म्हणे. दिवसातून सात वेळा ती पिशवी रिकामी करावी लागते. भोवतालची कातडी सोलून निघाली आहे. जे पितात ते तासाभरात बाहेर येतं, अंगातलं मीठ वाहून जातं, आणि दोनदा सलाईन लावायला न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी किडनीचा आकडा वाढलेला निघाला. डॉक्टर देवश्री म्हणाल्या की अजून उन्हाळा काढू नका. कृषी खात्यात चौतीस वर्षं शेतकऱ्यांना वेळेवर फवारणी करा म्हणून सांगणारा माणूस स्वतःच्या बाबतीत म्हणतो, असू दे.

म्हणून तू ये. चार दिवसांचं काम आहे.

आता संत्र्याबद्दल. तुझ्या तोंडून ऐकलेली फेब्रुवारीची गोष्ट नातेवाइकांत फिरून वेगळीच झाली आहे, म्हणून एकदा नोंदीसाठी लिहिते. नऊ तारखेला, शुक्रवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना तुझ्या भावाचं हृदय थांबलं. खालच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग घेणारा धम्मदीप सर धावत वर आला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अकरा मिनिटं त्यांची छाती दाबत राहिला. दोन फासळ्या मोडल्या, पण माणूस परत आला. मी शेजारी उभी राहून आकडे मोजत होते, माझा आवाज एकदाही हलला नाही. दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले. तिसऱ्या दिवशी, रविवारी, दवाखान्यानं पातळ पदार्थ चालतील म्हटलं होतं, आणि दुपारी चारच्या भेटीत तू पदराखालून वरूडचं संत्रं काढून त्यांना तीन फोडी चोखायला दिल्यास. सोमवारी पहाटे पोट फुगून ते निपचित पडले, आणि साडेतीन फूट आतडं काळं पडलेलं निघालं.

त्या वेळी व्हरांड्यात मी जे बोलले ते अकोल्यापर्यंत गेलंच आहे, पुन्हा लिहीत नाही. मी रागात होते. ते संत्रं मी आता माफ करते. हे मनापासून आहे.

कळव.

सौ. कौशल्या किसनराव गावंडे


राजापेठ, अमरावती
२४ ऑक्टोबर २०२४

दामिनी,

तुझी पेटी पोचली. नितेश स्वतः जिना चढून ठेवून गेला, पाणीही प्यायला नाही. मामाला वाकून नमस्कार, मला नुसती मान. चांगला वाढवला आहेस मुलगा. अठ्ठेचाळीस संत्री, आणि वर वर्षालीच्या सुंदर अक्षरात तुझी चिठ्ठी: ‘माफी भेटलेली संत्री पाठवून राहिली. धुवून खा.’

तुझा भाऊ हसून हसून पिशवी सांभाळत खाली बसला. गेल्या कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता, त्याबद्दल तुझे आभार. माझं म्हणशील तर चिठ्ठी मला झोंबली, आणि झोंबली की मी विचार करते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं मी पुनर्मूल्यांकनाचे अर्ज हाताळले. ‘मला कमी गुण दिले’ म्हणणाऱ्या दहांतले नऊ खोटे असत, पण उरलेल्या एकाची उत्तरपत्रिका मी गठ्ठ्यातून स्वतः काढायचे. तशी मी तुझी काढली.

डॉक्टर देवश्रींकडे गेले आणि सरळ विचारलं, संत्र्यानं हे झालं का. त्या अंजनगाव सुर्जीच्या आहेत, चाळिशीच्या असतील, बोलताना समोरच्या कागदावर चित्रं काढतात. त्या म्हणाल्या, ‘मावशी, तीन फोडींनी काय होते? ते तर आधीच झालं होतं.’

मग त्यांनी समजावलं ते मी तुला माझ्या शब्दांत सांगते, कारण आपल्या नात्यागोत्यात हे कोणालाच माहीत नाही. हृदय थांबलं की शरीर आधी मेंदू वाचवायला बघतं. जे काही थोडं रक्त छाती दाबून फिरतं ते वर जातं, आणि आतड्याच्या वाट्याला काही येत नाही. आतडं उपाशी पडतं. नंतर हृदय चालू होतं, सगळे टाळ्या वाजवतात, आपणही वाजवल्या, मी तर खालच्या वर्गातल्या पोरांना पेढे वाटले. पण रक्तदाब टिकवायला जी औषधं देतात त्यांनी आतड्याकडच्या नळ्या आणखी आवळतात. आणि रक्त परत येतं तेव्हा ते उपाशी आतडं ते सोसू शकत नाही. त्याचं आतलं अस्तर सुजतं, सोलून निघतं, रक्त झिरपायला लागतं. ‘रक्त थांबून जेवढं बिघडते,’ त्या म्हणाल्या, ‘तेवढंच ते परत येतानी बिघडते. कधी कधी जास्तच.’

मला वाटायचं हृदय चालू झालं म्हणजे परीक्षा पास. आतड्याचा पेपर अजून तपासायचा होता हे कोणी सांगितलंच नाही. सांगायला नको होतं का? मी विचारलंच त्यांना. त्या म्हणाल्या, हजारात थोड्यांनाच होतं, आणि ओळखायला कठीण, कारण पोट वरून मऊ लागतं आणि माणूस मात्र आतून तळमळत असतो.

सारांश असा की संत्रं निर्दोष आहे. माफी परत घेते, कारण माफ करण्यासारखं काही नव्हतंच. हे मला आता कळलं, आणि कळल्याबरोबर लिहिते आहे.

आता तरी ये. भाऊबीज तीन तारखेला आहे. त्या निमित्तानं आलीस तर मलाही बरं वाटेल, आणि तुलाही माझ्यासाठी आलीस असं म्हणावं लागणार नाही.

तुझी वहिनी
कौशल्या


राजापेठ, अमरावती
६ नोव्हेंबर २०२४

दामिनी,

वर्षाली, हे पत्र अंगणात बसून वाच. मोठ्यानं. शेजारच्या बायका आल्या तर येऊ दे.

भाऊबीजेला तू आली नाहीस. तुझ्या भावानं सकाळी आंघोळ करून पाट मांडायला लावला. त्याला खाली बसता येत नाही, पिशवी दबते, म्हणून पाटाशेजारी खुर्ची. निरांजन, सुपारी, नवं उपरणं, सगळं. मी म्हटलं, ‘ती येणार नाही.’ ते म्हणाले, ‘माहीत हाये.’ तरी दीड वाजेपर्यंत बसून राहिले. बाहेर निवडणुकीच्या रिक्षा भोंगे लावून फिरत होत्या, आणि हा माणूस नवं उपरणं घालून रिकाम्या पाटाकडे पाहत होता.

मी वैतागले. म्हटलं, ‘साठीच्या बहिणीसाठी सत्तरीच्या माणसानं ऑपरेशन अडवून धरायचं, याला काय म्हणायचं? लाड की खुळेपणा?’

ते बराच वेळ बोलले नाहीत. तू म्हणतेस ना, तुझा भाऊ दुखलं की गप्प होतो. मग म्हणाले, ‘कौशल्या, मी तिले लाडासाठी नाही बोलावून राहिलो. ऑपरेशन झाल्यावर दोन दिवस मले नीट बोलता येनार नाही. माया वतीनं कोन बोलन?’

मी म्हटलं, ‘मी आहे की.’

‘तू हायेस म्हनूनच त,’ ते म्हणाले. ‘मी जागा होतो त्या दिवशी. मले इंग्रजी समजते.’

दामिनी, या वाक्यानंतर मी स्वयंपाकघरात गेले आणि ओटा पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

त्या रविवारी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण उरलेलं अर्धं इंग्रजीत झालं. म्हणून लिहिते.

सकाळी अकराच्या भेटीला तू आणि मी आत होतो. वॉर्डातला तरुण डॉक्टर हैदराबादकडचा, मराठी येत नव्हतं, वऱ्हाडी तर नाहीच. तू त्याला अडवून बोललीस. तुझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण विसरायचा प्रयत्न मी पुष्कळ केला. तू म्हणालीस:

‘डॉक्टरसाहेब, भाऊचं पोट दुखून राहिलं, फासळ्या नाही, पोट. वरून मऊ हाये पन आतून पिळून राहिलं म्हनते. सकायपासून गुडघे पोटाशी घेऊन पडला हाये. माया भाऊ दुखलं त बोंबलत नाही, गप्प होते, आन आज तो गप्प हाये. नर्सबाईनं बदललेल्या चादरीले जांभळाच्या रसावानी डाग होता, म्या पायला. तुमी एकडाव नीट पाहा.’

सहा वाक्यं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, या काय म्हणतात.

सिस्टर फिलोमिना आम्हाला सारांशलेखन शिकवायच्या. दिलेला उतारा एक तृतीयांशात आणायचा, अनावश्यक ते गाळायचं, भावना गाळायच्या, पुनरुक्ती गाळायची. मला त्यात नेहमी वर्गात सर्वांत जास्त गुण. मी तुझ्या सहा वाक्यांचं एक केलं. मी त्याला सांगितलं की या पेशंटच्या बहीण आहेत, गावाकडच्या आहेत, घाबरल्या आहेत. पेशंटला गॅसचा त्रास चाळीस वर्षांपासून आहे, काळजीचं काही नाही.

तो हसला. मीही हसले. छान इंग्रजी बोलणारी बाई भेटल्याचं त्याला बरं वाटलं असावं, आणि मला ते बरं वाटलेलं आवडलं. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, ‘सांगतलं का वयनी, सगळं?’ मी म्हटलं, ‘सगळं सांगितलं.’

चादरीचा डाग मी गाळला. गुडघे गाळले. मऊ पोट गाळलं, आणि तेच तर ओळखण्याचं लक्षण होतं. का गाळलं? कारण मला वाटलं, जांभळाचा रस काय, बोंबलणं काय, हे डॉक्टरसमोर कसं बोलायचं. मला तुझी लाज वाटली. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून सापडलं नाही.

तू दुपारी संत्रं घेऊन आलीस तेव्हा त्यांनी दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. सोमवारी पहाटे ते कोसळले. मला व्हरांड्यात सगळ्या नात्यासमोर कोणाला तरी दोष द्यायचाच होता, आणि तुझ्या हाताला संत्र्याचा वास होता.

आणखी एक. मागच्या पत्रात मी लिहिलं की संत्र्याचं मला आता कळलं. ते खोटं आहे. डॉक्टर देवश्रींनी मला ते मार्चमध्ये, घरी सोडताना सांगितलं होतं. हेही सांगितलं होतं की अठरा तास आधी लक्षात आलं असतं तर आतडं कमी कापावं लागलं असतं, पिशवीची वेळ कदाचित आलीच नसती. कदाचित, असं त्या म्हणाल्या. मी तो एक शब्द घेऊन आठ महिने काढले.

परवा नव्या भरतीसाठी जुन्या फाइलची प्रत आणली. चौदाव्या पानावर त्या रविवारची नोंद आहे: पत्नीच्या सांगण्यानुसार गॅसचा जुना त्रास, काळजी नाही. वेळ अकरा वीस. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका कुलपात ठेवल्या, कोपरासुद्धा दुमडू दिला नाही. ते पान मात्र मला फाडावंसं वाटलं. मी ते फाइलमधून काढून हातात घेतलंही. मग परत लावलं.

मी माफी मागत नाही. तू ‘धुवून खा’ म्हणशील, आणि तुझं बरोबर असेल. जे झालं ते सांगितलं. आता तुझ्या भावाला तू हवी आहेस, आणि का हवी आहेस ते तुला कळलं. मला मान्य आहे.

कौशल्या


राजापेठ, अमरावती
१५ नोव्हेंबर २०२४

दामिनी,

काल वर्षालीचा फोन आला. मागून तुझा आवाज स्पष्ट येत होता, तरी तिनं बिचारीनं प्रत्येक वाक्य मला पुन्हा सांगितलं. ‘आई म्हणतात, मी भावासाठी येऊन राहिली.’ ऐकलं. ‘आई म्हणतात, वहिनीच्या घरी उतरनार नाही.’ तेही ऐकलं. ‘आई म्हणतात, शेजारच्या बाया पत्र ऐकून रडल्या.’ यावर मी विचारलं, आणि आई? मग तुझा आवाज, ‘तिले म्हना, मले धुनं पडलं हाये.’

ठीक. तुझी सोय धम्मदीप सरांकडे केली आहे. त्यांची बायको आचल तुझ्यासाठी खोली झाडून बसली आहे. भावाची छाती दाबून त्याला परत आणणाऱ्याच्या घरी राहायला तुझी ना नसावी. माझ्या घरापासून सोळा पायऱ्या खाली आहे, तेवढं अंतर तुला पुरेल.

चोवीस तारखेला रविवारी सकाळी भरती. तुला त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही हे मला माहीत आहे. पण ते आतडं ज्यांनी कापलं त्यांनीच जोडावं असं सगळ्यांचं मत आहे. तो तरुण डॉक्टर आता तिथे नाही. भूल देणारे नवे आहेत, तेही बाहेरचेच, मराठी तोडकंमोडकं.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. डॉक्टर देवश्रींना एक पत्र दिलं, इंग्रजीत, दोन पानी. त्यात चौदाव्या पानावरची नोंद चुकीची आहे आणि का चुकीची आहे ते लिहिलं. तुझी सहा वाक्यं एकही न गाळता लिहिली, जांभळाच्या रसासकट. त्यांनी ते वाचून फाइलला लावलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘मावशी, आतेबाईंना घेऊन या.’ आते म्हणजे तू. अंजनगावच्या लेकीला कोणाला काय म्हणायचं ते कळतं.

दुसरं, भरतीच्या अर्जावर ‘रुग्णाच्या वतीने माहिती कोण देईल’ असा रकाना आहे. तिथे तुझं नाव घातलं आहे: दामिनी, बहीण. माझं नाव त्याखाली, दुभाषी म्हणून. दुभाष्याचा रकाना छापील नव्हता. मी पट्टीनं आखून घेतला.

किसनरावांनी सही केली. उपरणं अजून घडी घालून कपाटात आहे.

एक सांगून ठेवते. तू आलीस म्हणजे आपलं लगेच बरं होईल असं मी धरून चाललेली नाही. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी तुला लिहिलंच आहे, थांबलेलं परत येताना काय करतं ते. तू दोन-चार शब्द बोलशील, ते मी घेईन.

कौशल्या


राजापेठ, अमरावती
२९ नोव्हेंबर २०२४

दामिनी,

तू काल दुपारच्या बसनं गेलीस आणि आज सकाळी सात दहाला तुझ्या भावाच्या पोटातून वारा सरला.

सगळा वॉर्ड त्याची चार दिवस वाट पाहत होता हे तुला माहीत आहे. डॉक्टर देवश्री रोज येऊन तेच विचारायच्या, आतडं जोडल्यावर ते चालू झाल्याची ती खूण. आज झाली. शेजारच्या खाटेवरचा परतवाड्याचा शालिकराम उठून बसला आणि म्हणाला, ‘जमलं काका.’ नर्सनं वेळ लिहून घेतली. ज्या गॅसबद्दल मी फेब्रुवारीत हसून सांगितलं होतं, त्याची आज फाइलमध्ये पहिल्या ओळीत नोंद झाली, आणि मी बाहेर जाऊन सगळ्या व्हरांड्याला सांगून आले. जिथे उभी राहून तुला बोलले होते, तिथूनच.

ही बातमी फोननं देता आली असती. वर्षाली म्हणाली, आईंनी तुमचा नंबर अजून उघडला नाही. नको उघडूस. फोनवर मी फार भराभर बोलते.

आणि एक हिशोब तुला द्यायचा राहिला. मंगळवारी संध्याकाळी, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, ते पुन्हा गप्प झाले आणि तू खुर्चीतून उठलीस. ‘वयनी, बोलव डॉक्टरले.’ चार दिवसांत तू मला जे एकूण बोललीस त्यातलं निम्मं तेवढंच. भूल देणारे डॉक्टर आले. तू बोललीस, मी इंग्रजीत सांगितलं, आणि तू पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होतीस. तुला इंग्रजी येत नाही, तेव्हा मी काय सांगितलं ते इथे लिहून देते.

तू म्हणालीस, भाऊ घटकाभरापासून बोलत नाही. मी ते सांगितलं. तू म्हणालीस, तो भुवया आवळून राहिला. मी सांगितलं. तू म्हणालीस, टाक्याकडे नाही, खाली हात नेऊन राहिला. सांगितलं. पिशवीत लघवी आली नाही मघापासून, नळीकडे पाहा. सांगितलं. तू म्हणालीस, मागच्या टायमाले माया म्हननं कोनी ऐकलं नाही. इथे मी थांबले. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. तुला वाटलं असेल मी गाळणार. मी सांगितलं की यांचं म्हणणं असं की मागच्या वेळी यांचं कोणी ऐकलं नाही, आणि ते खरं आहे, ते न ऐकणारी मी. मग तू म्हणालीस, डुकरावानी खुर्चीत बसून नोका राहू, हात लावून पाहा. डॉक्टर तर उभेच होते, पण मी तेही सांगितलं. ‘डुक्कर’ला मी सौम्य शब्द शोधला नाही. ते आधी चमकले, मग खरंच वाकून पाहिलं.

निघालं काय, तर लघवीच्या नळीला मांडीखाली पीळ पडला होता. दोन मिनिटांचं काम. पीळ काढला आणि तुझ्या भावानं डोळे उघडून म्हटलं, ‘हाश.’ तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, ‘सगळं सांगतलंस वाटते.’ मी हो म्हटलं. तू म्हणालीस, ‘त्या डॉक्टरचं तोंड पाहून समजलं.’ आणि आचलकडे जेवायला निघून गेलीस.

सहा वाक्यं होती. मोजून घे.

आज दुपारी त्यांना पातळ पदार्थ सुरू करायला सांगितलं. काय घ्याल विचारलं तर म्हणाले, संत्रं. तुझ्या पेटीतली सहा उरली होती, ती मी घरून आणली. धुतली. साल काढली, दोरे काढले, बिया काढल्या, तीन फोडी वाटीत पिळून गाळून चमच्यानं दिल्या. डॉक्टर देवश्रींना आधी विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या, तीनच. किसनरावांनी डोळे मिटून घोट घेतला आणि विचारलं, ‘वरूडचंच ना?’

मग म्हणाले, ‘उपरनं दे.’ मी घरून आणलेल्या कापडी पिशवीतून काढून खांद्यावर घातलं. म्हणाले, ‘दामिनी आली की ओवायतानी हेच घालीन.’ भाऊबीज गेली महिनाभरापूर्वी, पण तुझ्या भावाला पंचांग कोणी सांगावं.

पाच दिवसांत घरी सोडतील. पाट मी मांडून ठेवते. आता त्यांना खाली बसता येईल, खुर्ची लागणार नाही.

संत्री पाच उरली आहेत. आणखी पाठव. चिठ्ठीही पाठव, आणि जे लिहायचं ते सगळं लिहायला सांग वर्षालीला. सारांश नको.

तुझी वहिनी
कौशल्या